दाराबाहेरची बादली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका हट्टी हृदयरोगी अख्ख्या कोपर गावात सापडायचा नाही. डॉक्टरांनी बजावलेलं, रोज चाला, नाहीतर हृदयाचं काही खरं नाही. पण चालणार कुठे? फुटपाथवर भाजीवाले, त्यांच्यापुढे लावलेल्या स्कूटर, आणि सावली म्हणावी तर ती बिल्डरच्या होर्डिंगची. काका नाक्यापर्यंत जायचे आणि रिक्षाने परत यायचे. वर मलाच सुनावायचे, "या रस्त्यावर चालून हार्ट सुधारत नाही रे, बंद पडतं."

मग एकदा स्वारी खुशीत आली. जांभळाची झाडं सापडलेली, फरसबंद वाट सापडलेली, बसायला बाकंसुद्धा. हॉर्न नाही, कोणाचा धक्का नाही. जागा कुठली, तर स्मशानभूमी. मला हसू आवरेना, काकूंना रडू. "माणसं तिथे शेवटी जातात, तुम्ही रोज काय जाता?" काका शांतपणे म्हणाले, "रोज गेलो तर शेवटचं जाणं लांबेल, असं डॉक्टरच म्हणतात."

चालण्यापुढे काकू हरल्या, पण विटाळाच्या बाबतीत नाही. स्मशानातून आलेला माणूस तसाच घरात येत नाही, मग तो जांभळाखाली फेऱ्या मारून आलेला का असेना. रोज संध्याकाळी दाराबाहेर कोमट पाण्याची बादली. पायांवर पाणी घ्यायचं, मग कुठेही हात न लावता तडक अंघोळ. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तरी यात सूट नाही. जरा उशीर झाला की काकू थेट स्मशानात फोन लावायच्या, "अहो, पाणी गार होतंय."

काकांना दम लागायचा थांबला. डॉक्टर खूश. आणि गेल्या थंडीत, कधी साधा ताप न आलेल्या काकूच झोपेत गेल्या. त्यांना आम्ही त्याच जांभळांखालून नेलं.

काकांनी चालणं सोडलं. हळूहळू जिन्यात पुन्हा थांबायला लागले, कठड्याला धरून. डॉक्टर रागावले, मीही रागावलो, चला मी सोबत येतो म्हणालो. "तिथे आता माझ्याने चालवत नाही रे," एवढंच बोलले. मला फार भीती वाटायला लागलेली.

काल काय सुचलं कोण जाणे, संध्याकाळी मी पाणी तापवलं, बादली वर नेऊन त्यांच्या दाराबाहेर ठेवली आणि बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, बादली बघितली. मग बूट घालून जिना उतरले.

थोड्याच वेळात परत आले. धापा टाकत दाराबाहेर उभे राहिले, वाकून बादलीत बोटं बुडवली.

"तिथल्या फाटकापर्यंतच गेलेलो," म्हणाले. "म्हटलं, पाणी गार होईल."