धाकटीचा वर्ग आणि माझी पट्टी

माझी धाकटी जाऊ दिसायला अगदी साधी. केस घट्ट बांधलेले, कान मोकळे, चपलेचा अंगठा एकदा शिवून घेतलेला. पण बोलायला लागली की समोरचा हातातलं काम विसरतो. दूधवाला माप विसरतो, मामंजी औषध विसरतात आणि माझी लेक तर आईलाच विसरायला लागली होती. हो, रागानेच सांगतेय. उगाच गोड बोलून काय उपयोग?

आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच शाळेत शिकवतो. घरी मी वहिनी आणि ती धाकटी, शाळेत दोघीही बाई. मला चौथी अ, तिला चौथी ब. दोन वर्गांच्या मध्ये धड भिंतसुद्धा नाही, लाकडी फळ्या ठोकल्यात. तिकडे कुणी शिंकलं की इकडे कळतं. शाळेचा नियम असा की बाईचं मूल तिच्याच वर्गात बसवायचं नाही. त्यामुळे आमची ठकी गेली ब मध्ये, काकूच्या हाताखाली. ठकी हे घरातलं नाव. शाळेतलं भारदस्त नाव हजेरीत पुकारलं तर ती स्वतःच इकडेतिकडे बघते.

ठकीचं आणि इतिहासाचं पहिल्यापासून वाकडं. मी तिला ओट्याशी उभी करून संध्याकाळभर घोकून घ्यायची. ‘माणसाला आगीचा शोध लागला.’ सकाळी विचारावं तर आगीला माणसाचा शोध लागलेला असायचा. मी लाटण्याने ओट्यावर ठोके द्यायची, शाळेत पट्टीने टेबलावर देते तसेच. माझ्या वर्गातली पोरं त्या ठोक्यावर घडाघडा बोलतात. पोटची पोर मात्र ढिम्म.

आणि धाकटी? वर्षाच्या सुरुवातीला ती शिकवतच नव्हती. पोरांना नुसती न्याहाळत बसायची. कोण वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढतो, कोणाचे पाय बाकाखाली स्वस्थ राहत नाहीत, कोण शिपाईमामांच्या घरच्या चौकशा करतो.

“वहिनी, प्रत्येक मुलात शिरायचं दार वेगळं असतं,” मला म्हणाली.

“शाळेला एकच दार आहे,” मी म्हटलं, “आणि घंटा झाली की तेही बंद होतं.”

हसली. तिला माझा टोमणा कधी लागतच नाही, हाही तिचा एक ताप आहे.

मग नदीकाठच्या पहिल्या वस्तीचा धडा आला. माझ्या वर्गात तो दोन तासांत वाचून, प्रश्नोत्तरं लिहून संपला. तिच्या वर्गात वस्तीच वसली! चित्रं काढणाऱ्यांनी खाकी कागदावर कोळशाने झोपड्या काढल्या. चुळबुळ्यांना तिने अंगणात नेलं आणि दोन दगडांमध्ये धान्य भरडायला लावलं. पीठ कमी, धूळ जास्त, पण हात दुखल्यावर त्यांना कळलं म्हणे की पूर्वीच्या बायकांचा दिवस कशात जायचा. गणितवाल्यांनी दोरीला गाठी मारल्या, शंभर वर्षांना एक गाठ, आणि ती दोरी व्हरांडाभर ताणून दुसरं टोक माझ्या वर्गाच्या कडीला बांधलं. मला बाहेर पडायचं तर हजारो वर्षं ओलांडून जावं लागायचं. बडबड्यांना पाठवलं शिपाईमामांकडे, शाळेत दिवे नव्हते तेव्हाच्या गोष्टी विचारायला. आणि जी पोरं कुणाशी बोलत नाहीत, त्यांच्यापुढे चिखलाचा गोळा ठेवला.

ठकी त्या चिखलातली. तिने वस्तीचं धान्याचं कोठार केलं, झाकणासकट. झाकण का, असं धाकटीने विचारलं तर माझी मुकी पोर म्हणाली, “उंदीर होते ना काकू तेव्हापण. आणि पाऊस. आणि पुढच्या वर्षीचं बी वेगळं ठेवायला हवं, नाहीतर खाऊन टाकतील.” फळीच्या या बाजूला मी खडू धरून उभी. इतकी सलग वाक्यं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

माझ्या वर्गाची पोरं फळ्यांच्या फटींना डोळे लावून बसायची. मी हेडसरांकडे गेले. म्हटलं, चौथी ब मध्ये चिखल चाललाय, जरा बघा. हेडसर तरातरा गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी डोकावले, तर बाह्या सरसावून खाली बसलेले, आणि एक पोरगी त्यांना सांगतेय, “सर, मडक्याचा काठ असा नाही.” मी आल्यापावली परत फिरले.

घरी तर विचारू नका. जेवताना “काकू म्हणाली”, झोपताना “काकू म्हणाली”. हे एकदा कौतुकाने म्हणाले, “पोरगी बोलायला लागली हं!” मी त्यांच्या ताटात भाजी अशी वाढली की ते पुढे गप्प जेवले. मला का आनंद नव्हता? होता. पण माझी पोर खुलली ती दुसरीच्या हातून, हे मला सहन होत नव्हतं. जीव जळायचा माझा. वेणी घालायलासुद्धा ठकी काकूकडे जायला लागली तेव्हा मला वाटलं, संपलं. आता मी हिची फक्त डबा भरणारी.

त्यातच माझी पट्टी हरवली. लाकडी, कडेला शाईचा डाग असलेली, नोकरीला लागले तेव्हापासूनची. टेबल उपसलं, कपाट उपसलं. पट्टीवाचून माझा ठोका नाही आणि ठोक्यावाचून माझी पोरं बोलत नाहीत. मला खात्री होती की धाकटीच्याच कुठल्या तरी झोपडीला आढं म्हणून लागली असणार. सरळ विचारलं तर म्हणाली, “देवाशपथ वहिनी, मला माहीत नाही.” त्या दिवशी मी तिच्याशी घरी-दारी बोलले नाही.

पालकांना बोलवायचा दिवस आला. माझ्या वर्गाने सनावळी म्हटली, टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. मग ब चा खेळ, ‘शाळा: पूर्वी आणि आता’. ‘पूर्वी’साठी शिपाईमामांनी सांगितलेली कंदिलाची शाळा येणार, असं आम्हाला ठाऊक होतं. पडद्यामागून आली ती आमची ठकी. माझा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला आणि हातात माझी पट्टी.

टेबलावर ठोका पडला. “मागचा बाक! मला पाठीलाही डोळे आहेत.”

पालक खो खो हसले. माझे कान तापले. थेट माझा आवाज, माझी मान, खडूचं टोक मोडून टाकायची माझी सवय. ‘पूर्वी’ म्हणजे मी! पोटच्या पोरीने मला जिवंतपणी इतिहासात घातलं होतं. वाटलं, उठून निघून जावं.

तेवढ्यात बाकावरचा एक मुलगा अडला. ठकीने पट्टी उगारली, टेबलावर आपटली आणि मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. बघता बघता ओठांतल्या ओठांत उत्तराचा पहिला शब्द पुटपुटली, फक्त त्या मुलाला ऐकू जाईल असा. मुलगा घडाघडा बोलला. मग ती त्याच्याजवळ गेली, काही न बोलता त्याची उलटी झालेली कॉलर सरळ केली आणि पुढच्या बाकाकडे वळली.

आता कुणी हसत नव्हतं. हे मी करते? खिडकीकडे बघते ते ठाऊक होतं. पण पहिला शब्द सांगते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ओट्याशीही सांगत असेन. माझ्या ठोक्याने पोरं बोलतात, असं मी समजून चालले होते. डोळ्यांना पदर लावला आणि शेजारच्या बाईला सांगितलं, धूळ फार आहे इथे.

खेळ संपल्यावर ठकी पळत आली. “आई, बरोबर केलं ना? काकू म्हणाली, तुला न बघता पाठ असेल ती बाई कर. मला तूच पाठ आहेस.”

पट्टी माझ्या हातात देऊन ती पाणी प्यायला गेली.

धाकटी व्हरांड्यातली ती गाठींची दोरी सोडत होती. गाठी सुटत नव्हत्या, की तिचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “पट्टीचं खरंच मला माहीत नव्हतं वहिनी. आणि ठकी कोणती बाई करणार, तेही तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वर्षभर माझ्यासमोर बसते, म्हणून मला वाटलं...”

तिथेच अडली. तिचा चेहरा मी ओळखला. वर्षभर रोज सकाळी केस विंचरताना आरशात मी तोच बघत होते.

पुढचा शब्द मला माहीत होता. मी खिडकीबाहेर बघितलं, आणि सांगितला नाही.