मिलिंदच्या गाडीचे दणके

मेकॅनिककडे गाडी टाकली की संध्याकाळी ती परत मिळते आणि विषय संपतो. घरी उघडली की विषय संपतच नाही. रविवार संपतात आणि किस्से साचत जातात. आमच्याकडे इतके साचलेत की हल्ली ऐकवायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो.

आम्ही तिघं. मिलिंद, शिरीष आणि मी. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ओळख झाली आणि बाईकच्या नादाने टिकली. मिलिंद नायगावच्या बीडीडी चाळीतला. आता तिथल्याच नव्या टॉवरमध्ये राहतो, बस चालवतो. शिरीष फणसवाडीचा. लोकांचे इन्कम टॅक्स भरून देतो आणि उरलेल्या वेळात व्हिडिओ बघतो. मी परळला एका पतपेढीत आहे. गाडीच्या कामात माझा रोल एकच, मागतील तो पाना हातात देणं.

गाडी मिलिंदची. जुनी. पुढचे शॉकअप पार मेलेले. खड्डा आला की 'ठक्' आवाज आणि दणका थेट पाठीत. मिलिंदला त्याचं काही नव्हतं. बस चालवून चालवून त्याची पाठ कधीच सुन्न झालीय. पण त्याची बायको, सुजाता, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या मणक्यातली गादी सरकली. ड्युटीला तिला मिलिंदच सोडायचा. एका सकाळी ती भोईवाड्याला मध्येच उतरली आणि म्हणाली, "उद्यापासून मी चालत जाईन."

मी म्हटलं, "बरंय की! तुझी एक फेरी वाचली."

मिलिंदने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या ड्युट्या उलट्या रे. मी येतो तेव्हा ती जाते. आमचं बोलणं व्हायचं ते तेवढंच. गाडीवर."

शिरीषने मोबाईल काढला. "हे बघ. आतल्या स्प्रिंगा कडक टाकायच्या, ऑइल जाड भरायचं, सील नवे बसवायचे. घरी होतं. चाळीस मिनिटांचं काम आहे!"

अख्खा श्रावण गेला.

* * *

टॉवरच्या पार्किंगमध्ये रिपेअरिंगला बंदी आहे. तसा बोर्डच लावलाय. म्हणून ठरलं, पुढचं चाक आणि शॉकअपचे दोन्ही दांडे काढायचे, लिफ्टने वर न्यायचे आणि काम घरात करायचं. इंजिनखाली पेव्हर ब्लॉक रचून गाडी उभी केली नि वर गेलो.

थोड्या वेळाने इंटरकॉम वाजला. वॉचमन. आवाजात धाप.

"साहब, आपके गाडी का अगला चक्का चोरी हो गया! ऊपर का पाइप भी ले गया!"

"पता है," मिलिंद म्हणाला.

"पता है? कौन ले गया?"

"मैं."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग वॉचमन म्हणाला, "तो अभी कंप्लेंट किसके नाम से लिखूं?"

* * *

दांड्याच्या वरच्या तोंडाला एक बूच असतं. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली. "हळू सोड हं, व्हिडिओत सांगितलंय..." शिरीषचं वाक्य पुरं होईपर्यंत बूच सुटलं! मिलिंदच्या कानावरून गेलं आणि नव्या कोऱ्या सिलिंगमध्ये घुसलं. आमच्या डोक्यांवर पांढरी पूड.

सुजाता नाइट करून आत झोपली होती. दारात आली. आधी वर बघितलं, मग आमच्याकडे.

"दोन पिढ्या चाळीत राहिलो," ती म्हणाली, "छताला एक भोक नव्हतं."

आणि आत जाऊन परत झोपली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

* * *

पुढच्या रविवारी जुनं ऑइल काढलं. त्याला वास काय असतो ते ज्यांनी घेतलाय त्यांनाच माहीत. सडलेली मासळी! काळं पाणी बादलीत पडलं आणि वास दाराच्या फटीतून पूर्ण मजल्यावर गेला.

बेल वाजली. समोरच्या काकू. नाकाला पदर.

"सुजाता, अगं श्रावण आहे."

"काकू, आमच्याकडे श्रावण नसतो. आणि आज घरात वांग्याची भाजी आहे."

"मग हे बोंबील?"

सुजाता बाजूला झाली आणि आमच्याकडे बोट दाखवलं. हॉलमध्ये पेपर पसरलेले, मध्ये बादली, भोवती आम्ही तिघं काळ्या हातांचे. काकूंनी बादलीत वाकून बघितलं. खूप विचार केला. मग हळूच म्हणाल्या, "सुकवलेले असतील तर थोडे ठेव हो. महिना संपला की येते."

* * *

नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा आखूड निघाल्या. वर प्लास्टिक पाइपचे दोन तुकडे घालावे लागतात, दोन्ही अगदी सारखे. आम्ही कापले. डावा मोठा झाला, म्हणून डावा कापला. मग उजवा मोठा, म्हणून उजवा. माकडाने मांजरांचं लोणी वाटावं तसं चाललं होतं. शेवटी बोटाएवढे तुकडे राहिले.

पुन्हा पाइप आणायला लालबागला गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "बाथरूमला का किचनला?"

"मोटरसायकलला," मिलिंद म्हणाला.

"इंडियन का वेस्टर्न?"

* * *

गाडी एकदाची जोडून झाली. सुजाता तिच्याकडे बघायची आणि चालत जायची.

मग एका संध्याकाळी तिला डबल ड्युटी झाली. चालायची ताकदच नव्हती. मिलिंद आणायला गेला आणि ती मागे बसली. शिरीष आणि मी टॉवरच्या गेटपाशी रिझल्टची वाट बघत उभे.

गाडी दिसली. इतकी हळू, की चालणारी माणसं तिला ओव्हरटेक करत होती! गेटपाशी येऊन थांबली. मिलिंदने दोन्ही पाय जमिनीला टेकले, इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सुजाताचं हेल्मेट त्याच्या पाठीवर टेकलेलं. ती झोपली होती.

"कधीपासून?" मी कुजबुजलो.

"भोईवाडा."

वॉचमन आला, "साहब, अंदर लो." शिरीषने त्याला हातानेच परत पाठवलं. मागून टेम्पोने हॉर्न मारला, मी धावत जाऊन त्याला बाजूने काढून दिला. भुरभुर सुरू झाली तशी शिरीषने छत्री उघडून तिच्यावर धरली. मिलिंदच्या मांड्या थरथरायला लागल्या. दिवसभर बस चालवून आलेला माणूस.

"मी स्टँड लावू?"

"नको. हलेल."

असे किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग ती जागी झाली. हेल्मेट काढलं, केस सारखे केले, आम्हा तिघांना आणि छत्रीला एकदा बघून घेतलं. कमरेवर हात ठेवून लिफ्टच्या दिशेने चालायला लागली. अर्ध्यावर वळली.

"काही फरक नाही हं," ती मिलिंदला म्हणाली. "आहेत तसेच दणके."

"हो ना?"

"अजिबात फरक नाही. उद्या मॉर्निंग आहे माझी. गाडी वेळेवर काढ."