नसलेलं सुतक

माझ्या शेजारणीच्या घरात कुणीही गेलेलं नसताना मी तिच्याकडे सुतक लावून टाकलं. तेही भर मीटिंगमध्ये, बिल्डिंगमधल्या आठ-दहा बिऱ्हाडांसमोर.

हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, तिचं आणि माझं, आणि तीही समोरासमोर. आम्ही मूळचे नांदेडकडचे, शेतीवाडीवाले. ती परभणीकडची, बौद्ध. ती दवाखान्यात नर्स आहे, मी बँकेतून नुकतीच मोकळी झालेय. बारा वर्षांत आमचं एकमत झालं असेल तर ते फक्त बेगम बाजारातल्या मिरचीवर. निवडणूक, आरक्षण, उपास, पोरींची लग्नं, सगळ्यावर आम्ही तावातावाने भांडतो आणि भांडता भांडता एकमेकींच्या भाज्या निवडून देतो.

देवाचा प्रसाद ती खात नाही. म्हणून गणपतीत मी तळणीचे मोदक करते तेव्हा पहिल्या घाण्यातले पाच तिच्या डब्यात काढते आणि मग देवाचं पान वाढते. देवाच्या आधी कुणाला काही काढायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. ती मी तिच्यासाठी मोडली याचा मला भारी अभिमान होता. आपण केवढ्या मोठ्या मनाच्या, असं वाटायचं.

मागच्या वर्षी ती बिल्डिंगची सेक्रेटरी झाली. पाणी, लिफ्ट, वॉचमनची कटकट, सगळं तिने सुतासारखं सरळ केलं. पण आमच्याकडची रीत अशी, की खाली मंडपात गणपती बसतो तेव्हा त्या वर्षीचा सेक्रेटरी जोडीने पूजेला बसतो. मीटिंगच्या दिवशी तिची दुपारपाळी होती. जिन्यात मला म्हणाली, “मंडपाचं सगळं मी बघते म्हणावं. फुलं आणते, लायटिंग करून घेते. पूजेला मात्र बसणार नाही. आम्ही बौद्ध, ते माझ्या विचारात बसत नाही. एवढंच सांग, जास्तीचं काही नक्को.”

एवढंच सांगायचं होतं. पण पूजेचा विषय निघाला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कचरले. कोण तोंड वाकडं करेल, कोण तिला पुढे धारेवर धरेल, काय सांगावं! मी वेळ मारून नेली. म्हटलं, तिच्याकडे सुतक आहे, बसता यायचं नाही. सगळे चुकचुकले, दुसरी जोडी ठरली, दोन मिनिटांत विषय संपला. तिच्या घरात सुतक पाळतच नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी स्वतःवर खूश होऊन घरी आले.

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी ती झेंडूची टोपली घेऊन मंडपाशी आली. मी आत तोरण बांधत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मा, बिल्डिंगमधल्या सगळ्यांत वडील, हात आडवा करून तिला म्हणाल्या, “उधरीच रखो अम्मा, अंदर नक्को आओ.” अगदी मायेने म्हणाल्या. सुतकातल्या बाईला मंडपात कोण घेणार?

ती जागच्या जागी थांबली. ‘तिकडेच ठेव’ हे तिच्या आजीने गावच्या विहिरीवर जन्मभर ऐकलं होतं. एकदा मेथी निवडताना तिनेच मला सांगितलेलं. तिचा चेहरा पाहून मला तेच आठवलं. तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि ती तडक लिफ्टकडे गेली.

मी मागोमाग वर गेले आणि तिच्या दारातच सगळं कबूल केलं.

“कोण मेलं म्हणून सांगितलंस?”

“तसं काही... तुला त्रास नको म्हणून गं.”

“मला नाही, तुला. माझं म्हणणं तेवढं सांगायला दिलं होतं. ते तुला एवढं वंगाळ वाटलं, की त्याच्यावर मढं आणून टाकलंस?”

मग ती म्हणाली, “आन् ते मोदक? खरंच आधी काढतेस, का तेबी असंच?”

“तुझी शपथ, आधीच काढते.”

“आता कसं मानू?”

मोदकांचं खरं होतं, पण ते खरं आहे हे दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी तशीच खाली गेले. मंडपात सगळे होतेच. म्हटलं, कुणी गेलेलं नाही, मी खोटं बोलले; ती बौद्ध आहे, पूजेला बसत नाही, एवढाच तिचा निरोप होता. अम्मा माझ्यावर कडाडल्या, “शुभ काम में मौत का नाम लिए तुम?” माझी चांगली खरडपट्टी काढून झाल्यावर म्हणाल्या, “मेरे जेठ लाल झंडेवाले थे. भगवान को कभी हाथ नहीं जोडे. शादियों में खिलाने को मगर सबसे पहले वोच खडे होते थे.” आणि तिला आणायला स्वतः लिफ्टने वर गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना मात्र ते पटलं नाही. सेक्रेटरी पूजेला बसणार नसेल तर रीत कशाला, म्हणाले. मी म्हटलं, तिलाच विचारा, मी यापुढे कुणाचा निरोप नेणार नाही. ती अम्मांबरोबर खाली आल्यावर त्यांनी विचारलं. ती शिडीवर चढून माळा बांधत होती आणि ते खालून तिच्याशी वाद घालत होते, पण शिडी त्यांनीच घट्ट धरली होती. माझ्याकडे मात्र तिने एकदाही बघितलं नाही.

सकाळी कढई चढवली आणि मी समोरचं दार वाजवलं. “ये, डोळ्यांनी बघ.”

ती आली. फ्रिजला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. पहिला घाणा निघाला. त्यातले पाच मी तिच्या डब्यात ठेवले, मग देवाचं पान वाढलं. तिने नजर हलवली नाही. बारा वर्षं जिने विश्वासाने खाल्लं, ती आता माझ्या हाताकडे बघत होती. फार लागलं मला ते. पण बघायचा तिला हक्क होता.

नैवेद्य दाखवून मी परत आले तेव्हा तिने डब्यातला एक मोदक उचलून चावला.

“साखर कमी झालीय,” ती म्हणाली.

“बरोबर झालीय.”

“कमी झालीय,” म्हणत तिने दुसरा घेतला.