लाल रेषेवरची नऊ मिनिटं

दुपारचे अडीच वाजलेत. जेवून मी पलंगावर आडवा झालोय. चार वाजता वर्ग आहे. हवाई दलात शस्त्रांच्या कामावर नव्यानं येणाऱ्यांना मी जमिनीवरचे सुरक्षेचे नियम शिकवतो. विमानाला आधी अर्थिंगची तार जोडायची, मग बाकीच्या कामाला हात घालायचा. रॉकेटच्या समोर उभं राहायचं नाही, मागेही नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. सगळं शिकवतो, एक धडा सोडून. 'अपघातानंतर दुसरं शस्त्र जिवंत असेल तर' हा धडा आला की मी काहीतरी निमित्त काढतो आणि दुसऱ्याला वर्गावर पाठवतो. सहा वर्षं असंच चाललंय. आज दुसरा कुणी नाही.

पंखा फिरतोय. बाहेरच्या खोलीत माझी बायको शैला गहू निवडत बसलीय. ताटात दाणे पसरल्याचा आवाज येतो, थांबतो, परत येतो. डोळे जड होतात. पुढच्या वेळी आवाज येतो तेव्हा तो ताटाचा नसतो. काँक्रीटवरून बारीक वाळू वाहत चाललेली असते.

मी विमानतळावर उभा आहे. पायात काही नाही, आणि पायाखाली आमच्या घरातलीच गार फरशी आहे. तिच्यावरून लाल रंगाची एक रेषा सरळ दूरवर गेलीय.

"काय रं म्हेत्रे, जेवलास का?"

वॉरंट ऑफिसर केरबा मगदूम. कागलकडचे. मला हे काम हाताला धरून त्यांनीच शिकवलं. ते लोखंडी गाड्यावर पाय सोडून बसलेत आणि फडक्याला हात पुसतायत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली हे मला इथंही ठाऊक आहे. त्याचं नवल मात्र वाटत नाही.

"जेवलो, सर."

"मग चल. काम हाय."

आम्ही चालायला लागतो आणि उसाच्या रसाचा वास येतो. काँक्रीट संपलेलं नाही, पण समोर गुऱ्हाळ आहे. चुलाणावर काहील उकळतेय, वाफ वर चाललीय. काहिलीच्या पलीकडे ते विमान उभं आहे, नाक रिकाम्या माळाकडे करून, नियमात सांगितलंय तसं. दोन्ही पंखांखाली एकेक न सुटलेलं रॉकेट.

मला पुढं जायचं नाही. मी तसं सांगतो.

"मला तरी कुठं जायचंय?" मगदूमसर म्हणतात. "हितनंच बघू."

हे विमान मी ओळखतो. त्या दिवशी सरावावरून ते असंच परत आलं होतं. वैमानिकानं बटण दाबलं होतं आणि दोन रॉकेटं जागची हलली नव्हती. ठरलेला वेळ थांबून, रॉकेट चुकून सुटू नये म्हणून सर एकटेच त्यांना पिन घालायला गेले. एका वेळी एकच माणूस, हाही नियमच. माझं काम रेषेवर उभं राहायचं, आत कुणाला सोडायचं नाही. सर अर्थिंगची तार जोडून डाव्या पंखाखाली वाकले आणि ते रॉकेट पेटून निघून गेलं. पुढं कुणी नव्हतं, ते माळात जाऊन पडलं. मागच्या ज्वाळेनं सरांना उडवलं.

उजवीकडचं अजून जागेवर होतं. विमानातली वीज तोडून, पलीकडून वैमानिकाला उतरवून, दुसऱ्या एकानं बाजूनं जाऊन त्याला पिन घालेपर्यंत बाकी कुणी रेषा ओलांडायची नव्हती. नऊ मिनिटं लागली. स्ट्रेचर घेऊन दोघंजण धावत आले, त्यांना मी हात आडवे करून अडवलं. त्यातला एक मला शिवी देऊन म्हणाला, माणूस मरतोय तिथं. मी हललो नाही.

सर दवाखान्याच्या वाटेत गेले. एका जुन्या तारेचं आवरण झिजलं होतं, असं चौकशीत निघालं. मला कुणी दोष दिला नाही. पण ते दुसरं रॉकेट सुटलंच नाही, आणि डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित.

"तेच घेऊन बसलायस," सर म्हणतात. मी तोंडानं काहीच बोललेलो नसतो.

"सर, तुम्ही हात वर केला होता. दोनदा. तुम्ही बोलावत होता आणि मी आलो नाही."

गुऱ्हाळाची वाफ आता वर्गात भरलीय. बाकं मांडलेली आहेत, फळा आहे, आणि फळ्याच्या जागी तोच माळ, तेच विमान. त्याच्याखाली कुणीतरी पडलंय. सर माझ्या शेजारच्या बाकावर बसलेत आणि आम्ही दोघं तिकडे बघतोय.

"माणूस बोलावतो कसा? करून दाखव."

मी हात पुढं करतो, तळवा खाली, बोटं हलवतो. ये.

"आणि थांब म्हणताना?"

मी तळवा समोर धरतो.

"आता नीट बघ. माझा तळवा कुणीकडं हाय?"

मला बघवत नाही. अकरा वर्षं मी या जागेपाशी आलो की मान फिरवलीय. सर घाई करत नाहीत. मी बघतो.

पडलेल्या माणसाचा हात वर येतो. कोपर जमिनीवरच आहे. बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली. हात थरथरतो, पडतो, परत वर येतो. तळवा माझ्याकडे आहे. त्याच्यावरची काळी वंगणाची रेघही मला दिसतेय. ती मी तेव्हाही पाहिली होती.

"थांब म्हणत होता तुम्ही."

"दुसरं काय म्हणणार? ते दुसरं माझ्या डोक्यावर लोंबत हुतं. तुमच्यातला एक जरी आत आला असता तर? वरडायला अंगात दम न्हवता. हात तेवढा उचलत हुता. तू दोघांना अडवलंस ते बघितलं, मग हात खाली टाकला."

"पण ते सुटलं नाही, सर."

"न्हाई सुटलं. तुला तवा ठावं हुतं? मला तरी कुठं ठावं हुतं?"

मी बाकावर डोकं टेकून रडतोय आणि बरं वाटतंय, ताप उतरताना घाम येतो तसं.

"त्या स्ट्रेचरवाल्यांची नावं काय रं?" सर विचारतात.

"एक देशपांडे होता. दुसरा केरळचा, जोसेफ. दोघं निवृत्त झाले. जोसेफला नात झाली परवा."

"झाली न्हवं?" सर हसतात. "चल, ऊठ. पोरं वाट बघत असतील."

मी उठत नाही. ते वाकतात, माझं मनगट घट्ट धरतात आणि ओढून मला उभं करतात.

"अहो, साडेतीन झाले."

शैला दारात उभी आहे. पंखा फिरतोय. उशी ओली आहे आणि मला लाज वाटत नाही.

"कुणाशी बोलत होता?"

"मगदूमसर आले होते."

ती पलंगाच्या कडेला बसते. ते गेले तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो, हे तिनं पाहिलेलं आहे. "काही म्हणाले?"

"मी बरोबर केलं म्हणाले." एवढं सांगून मी उठून बसतो. "चहा टाक थोडा. आजचा धडा मीच घेणार आहे."

ती उठता उठता थांबते. माझा हात उजेडाकडे वळवते.

"हे काय लागलंय? आताच तर सदरा धुतलाय, त्याला पुसू नका."

मनगटावर काळं वंगण आहे. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. सहा वर्षं झाली, मी खडूशिवाय कशाला हात लावलेला नाही. नाकाशी नेतो. विमानाच्या पोटाखाली येतो तो वास, जराही शिळा न झालेला.

मी बाही कोपरापर्यंत दुमडतो आणि हात न धुता चहाला जातो.