दोन कुलपांचं दार

वसंता आणि मी भागीदारीत एक फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार करत होतो. तो बघायला गेलो, तर शेजारच्या दाराला दोन कुलपं होती. दोन्ही गंजलेली. समोरच्या काकू म्हणाल्या, "दोघा मित्रांचा आहे. एकाला विकायचाय, दुसऱ्याला नाही. भाडेकरू गेल्यावर दोघांनी आपापलं कुलूप घातलं."

"आपलं नाही रे असं व्हायचं," वसंता हसत मला म्हणाला. मीही हसलो. पण वाटलं, त्या दोघांपैकीही कुणीतरी असंच म्हणालं असेल, आणि तेही खरंच वाटून. विश्वास नेमका कधी आटायला लागतो, हे त्या दोघांना तरी कुठे कळलं असेल?

जिना उतरताना मी म्हणालो, "वसंता, आपली मैत्री आहे तेवढीच बरी. यात नको पडूया."

तो थांबला. "माझा भरवसा वाटत नाही?"

"तसं नाही रे."

"बरं," म्हणाला आणि माझ्या पुढे उतरत गेला.

वसंता अजूनही येतो, मुलांची चौकशी करतो. पूर्वी तो केव्हाही यायचा, थेट स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पाणी घ्यायचा. आता आधी फोन करून विचारतो, "येऊ का?"