काचेवरची आई

ओल लागून बाबांचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. सोडवला तर चेहराच फाटला असता, म्हणून आईने काचेवरूनच मोबाइलने त्याचा फोटो काढला. वर्षश्राद्धाआधी तो मोठा करून घ्यायचा होता.

स्टुडिओत तो स्क्रीनवर आला, तेव्हा बाबांच्या काळ्या कोटावर आईचं प्रतिबिंब दिसलं. दोन्ही हातांत मोबाइल, तोंड किंचित उघडं.

"काचेत कोण दिसतंय हे?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"कोणी नाही. पुसून टाका," मी म्हणालो. आई शेजारीच बसली होती.

त्याने स्क्रीनवर आधी आईचे हात पुसले, मग कपाळ. माणूस पुसायला फार काही लागत नाही. बाबांना तर कॉम्प्युटरही लागला नाही. चारचौघांत आईला "तू गप्प बस" म्हटलं की भागायचं.

"आता बरे दिसतात," आई म्हणाली. "एकटेच."