अकराजणींचं एक कार्ड

मी आमच्या घरातली पहिली बी.कॉम. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? त्यामुळे मसुऱ्याच्या वाटेवरच्या काजू कारखान्यात मालक म्हणाले, "आता वयेतलो सगळो हिशोब टॅबार आणूचो आसा, ता तुजा काम," तेव्हा मी छाती काढूनच उभी राहिले.

भट्टीतून सुकून आलेल्या काजूगरांची तांबूस साल काढायला अकरा बायका दोन नंबरच्या लांब टेबलाशी बसतात. आजवर संध्याकाळी सगळ्यांचं मिळून वजन व्हायचं. आता प्रत्येकीच्या गळ्यात कार्ड आलं. आपला ट्रे काट्यावर ठेवायचा, कार्ड लावायचं, वजन आपल्या नावावर. पुढेमागे सोलायचं मशीन आणलं तर कोणाला ठेवायचं, हे मालक त्यावरून ठरवणार होते.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर अकराजणींचं वजन रोज जवळपास सारखंच. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला फोनवर हसला. "मॅडम, असं होत नसतं. काटा बिघडलाय, नाहीतर बायका तुम्हाला बनवतायत."

काटा ठीक होता. मी टेबलाशी जाऊन बसले. काट्याकडे निघताना जिचा ट्रे भरलेला, ती दोन मुठी शेजारणीच्या ट्रेत टाकायची. शेजारीण पुढच्या ट्रेत. टोकाला काकी बसायची, साठीपुढची, सगळ्यांत सावकाश. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर सगळे ट्रे सारखे. लपवाछपवी काही नाही. भाताच्या लावणीत एखादी मागे राहिली की पुढची वळून तिचा पट्टा लावते, तसंच. माझी आई हेच करायची. मला लगेच कळायला हवं होतं.

पण माझ्या अंगात पदवी शिरली होती. "जिचो ट्रे तिचोच," मी सांगितलं, आणि आठवडाभर काट्यापाशी उभी राहिले.

काकी म्हणाली, "उबी रव गो बाय. पोलीस होऊचा होता तर आदी सांगूचा मा, शिट्टी आणून दिली आसती."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

आकडे मात्र सुटे सुटे आले. काकी शेवटची, बाकीच्यांच्या निम्मीसुद्धा नाही. मालक खूश. "आता कसा! पुढच्या म्हयन्यापासून काकीक घराक बसांदे."

त्याच आठवड्यात तुकडा वाढला. अख्खा गर कमी, मोडलेला जास्त. मी परत टेबलाशी बसले, आणि या वेळी सोलायला घेतलं. काही गरांची साल बोटानं चोळली की सुटते. काहींची चिकटून बसते. पूर्वी असे चिकट गर सगळ्या टोकाला सारायच्या आणि काकी सुरीच्या टोकानं ते न मोडता साफ करायची. वर्षानुवर्षं त्याच कामावर बसलेला हात, सोप्या गरावरही तो सावकाशच चालायचा. आता जिचा ट्रे तिचाच, म्हणून चिकट गरही जिचे तिच्याकडे. वजनाच्या घाईत त्या ते खरवडत होत्या आणि मोडत होत्या.

हे सगळं मी ऑफिसात जाऊन सांगितलं.

"आकडे तुजेच मा?" मालक म्हणाले.

"माझेच. पण मोजलं चुकीचं. एकटी किती सोलते ते मोजलं मी. तिथं एकटी कोणीच सोलत नाही. टेबलाचं मोजूया."

"पुण्यावाले सगळीकडे असाच लावतत."

"लावूंदेत. काकी गेली तर टॅब तुम्हीच चालवा, भाऊ. मी येणार नाही."

दुसरी नोकरी हातात नव्हती. कणकवलीपर्यंत विचारून झालं होतं. तरी बोलले.

मालकांनी टॅब बाजूला सारला. "इतक्या उलटा बोलाक खंय शिकलंस गो?"

"कॉलेजात."

त्यांनी एक महिना दिला. तुकडा पूर्वीइतका खाली आला नाही तर काकीही घरी आणि मीही.

सॉफ्टवेअरवाला म्हणाला, टेबल घालायची सोय नाही, कामगार म्हणजे व्यक्तीच लागते. मी म्हटलं, मग टेबलालाच व्यक्ती करते. अकरा कार्डं गोळा केली नि एक नवं काढलं. नाव टेबल, आडनाव दोन. वय भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना.

"भर गो अठरा!" एकजण ओरडली.

"काकी बसलीहा तेच्यार, अठरा खंयचा?"

"माजाच भर," काकी म्हणाली. "घाबरतंय काय मी?"

तेच भरलं. महिना संपला तेव्हा तुकडा होता तिथं परत आला होता. मालकांनी शाबासकी दिली नाही, काकीचं नावही काढलं नाही. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "आटवडोभर उबी रवलंस ता मी इसारूचंय नाय हां," आणि चिकट गरांची रास माझ्यापुढे सारली. मी बसून सोलले. निम्मे मोडले.

मशीन पुढच्या वर्षी येईल असं ऐकते, येणार नाही असंही ऐकते. आलं तर येऊ दे. ते चालू करून घेणार मीच. त्यातून साल न सुटलेले गर बाहेर पडतील, ते कोणाच्या पुढ्यात जाणार हे मालकांकडून आधी लिहून घेईन आणि मगच बटण दाबीन.